छत्तीस चित्रांचा कॅमेरा



बऱ्हाणपुराहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर निंबोला हे गाव लागते. तापीकाठची केळीची हिरवी बने येथवर मागे पडू लागतात, कपाशीची काळी राने सुरू होतात आणि उत्तरेला सातपुड्याच्या रांगेत असीरगड उभा असतो. पायथ्यापासून सुमारे २६० मीटर उंचीचा हा गड म्हणजे दख्खनचा दरवाजा. १६०१ साली तो हाती येईपर्यंत खुद्द अकबर बादशहाला महिनोन्महिने वेढा घालून बसावे लागले. आज तो पाहावयास येणारा प्रवासी इतका वेळ खर्च करीत नाही. मोटारीची काच खाली होते, हात बाहेर येतो, हातातला फोन पाच-सात चित्रे टिपतो आणि मोटार पुढे जाते. यात गैर काहीच नाही. ती चित्रे बहुधा चांगलीच येतात.

परंतु एखादे वेळी त्याच रस्त्याच्या कडेला निराळा मनुष्य दिसतो. त्याच्या गळ्यात पट्ट्याने अडकविलेला, धातूचा, अर्धा किलोहून जड असा कॅमेरा असतो. तो प्रथम आकाशाकडे पाहतो. मग कॅमेऱ्याच्या माथ्यावरील एक चकती फिरवितो, भिंगावरील एक कडे फिरवितो, डोळा लावतो, दुसरे कडे फिरवितो, आणि डोळा काढून घेतो. ढगाचे एक शकल गडाच्या माथ्यावर यावयाचे असते, त्याची तो वाट पाहत राहतो. दहा मिनिटे जातात. अखेरीस ‘खट्’ असा आवाज होतो. पाठीमागे पाहण्याजोगा पडदा नाही. चित्र कसे आले, हे त्याला त्या दिवशी समजणार नाही. कदाचित त्या आठवड्यातही समजणार नाही. तरीही तो संतुष्ट दिसतो. हा संतोष कशाचा आणि तो ज्या यंत्रातून येतो त्याची आज काय अवस्था आहे, हा या भाषणाचा विषय आहे.

या यंत्राला ‘सिंगल लेन्स रिफ्लेक्स’, म्हणजे एकभिंगी परावर्ती कॅमेरा म्हणतात. नाव भारदस्त आहे. कल्पना मात्र सोपी आहे. त्यापूर्वीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र घेणारे भिंग एक आणि पाहण्याची खिडकी दुसरी अशी व्यवस्था असे. दुरूनचे दृश्य असेल तर हा दुजाभाव चालून जाई; पण जवळच्या माणसाचे चित्र घेताना डोळ्याने पाहिलेले आणि फिल्मवर उतरलेले यांत अंतर पडे, आणि डोक्याचा वरचा भाग चित्राबाहेर जाई. जुन्या लग्नांच्या अल्बममध्ये असे कितीतरी फेटे अर्धे कापले गेले आहेत! एकभिंगी कॅमेऱ्यात भिंगामागे पंचेचाळीस अंशांत एक आरसा बसविलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो, दुधी काचेवर चित्र उमटवितो आणि त्यावर बसविलेल्या पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत येतो. लोलकामुळे उजवे उजवीकडे आणि डावे डावीकडेच दिसते. बटन दाबताच आरसा वर उचलला जातो, मागचा कापडी अथवा धातूचा पडदा क्षणभर उघडतो, फिल्मवर प्रकाश पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो.

येथे एक मौज ध्यानात घेण्याजोगी आहे. आरसा वर जातो त्या क्षणी खिडकीत अंधार होतो. म्हणजे जो क्षण फिल्मवर कायमचा उतरतो, नेमका तोच क्षण चित्र घेणाऱ्याला दिसलेला नसतो. हसू येण्याच्या किंचित आधी बटन दाबावे लागते. हा अंदाज कोणतेही यंत्र शिकवीत नाही. वाया गेलेल्या पुष्कळ चित्रांनीच तो शिकविला जातो.

या जातीच्या कॅमेऱ्याचा इतिहास थोडक्यात असा. ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा ‘एक्झाक्टा’ जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात १९३६ साली निघाला. त्यात कंबरेशी धरून वरून पाहावे लागे आणि दृश्य उलटसुलट दिसे. १९४९ साली त्याच शहरातील ‘कॉन्टॅक्स एस’ने पंचकोनी लोलक आणला. आरसा आपणहून झटकन खाली येण्याची सोय जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये आपल्या कॅमेऱ्यात बसविली. १९५७ साली तिचा ‘पेन्टॅक्स’ आला, १९५९ साली ‘निकॉन एफ’ आला, आणि पुढील पंचवीस वर्षे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार, शास्त्रज्ञ, लग्नाचे फोटोवाले आणि हौशी मंडळी या साऱ्यांच्या गळ्यात हेच यंत्र होते. १९७२ साली योशिहिसा माइतानी या अभियंत्याने ‘ऑलिंपस’चा असा कॅमेरा केला की त्याचे वजन व आकारमान पाहून इतर कारखानदार चकित झाले. १९७६ साली आलेला ‘पेन्टॅक्स के-१०००’ तर १९९७ पर्यंत तयार होत राहिला. तीस लाखांहून अधिक नग निघाले. त्यात शोभेचे काहीच नव्हते, आणि म्हणूनच छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती तो दिला जाई. १९८५ मध्ये ‘मिनोल्टा ७०००’ आला. त्याने भिंग फिरविण्याचे काम माणसाच्या बोटांकडून काढून मोटरकडे दिले. हाताने फोकस करण्याचा काळ तेथून उतरणीला लागला.

आता त्या बोटांच्या कामाकडे वळू. कारण खरा आनंद तेथे आहे.

भिंगावर दोन कडी असतात. एक छिद्राचे, दुसरे फोकसचे. छिद्राच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असतात. नवशिक्याला हे आकडे विचित्र वाटतात. वास्तविक त्यात साधे गणित आहे. भिंगाच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र आकडा २ वर पंचवीस मिलिमीटर रुंद असते, आणि १६ वर सुमारे तीन मिलिमीटर. दर पायरीला छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून प्रकाशही निम्मा होतो. शटरच्या चकतीवरही ६०, १२५, २५०, ५०० अशी सेकंदाच्या भागांची तशीच निमपट मांडणी असते. एकीकडे एक पायरी उघडली तर दुसरीकडे एक पायरी मिटावयाची. दिडकी-पावकीची उजळणी ज्या पिढीने केली तिला हे सांगावेही लागत नसे.

निंबोल्याच्या चैत्र-वैशाखातल्या उन्हात तर प्रकाश मोजण्याच्या उपकरणाचीही गरज नाही. लख्ख ऊन असेल तेव्हा छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाच्या आकड्याइतका ठेवावा. १०० वेगाची फिल्म असेल तर १२५. हा नियम जुन्या फिल्मच्या खोक्यांवर छापलेला असे. उघड्यावरची सावली असेल तर सुमारे तीन पायऱ्या अधिक उघडाव्यात. ज्याला हा नियम पाठ झाला त्याच्या कॅमेऱ्यातील बॅटरी संपली तरी त्याचे काही अडत नाही, कारण या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत बॅटरी केवळ प्रकाशमापकाला लागते. शटर स्प्रिंगवर चालते.

प्रकाशमापक असला तरी त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे निमाडच्या शेतकऱ्याच्या अंगणात जितके लवकर कळते तितके इतरत्र कळत नाही. समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे, असे धरून तो मापक चालतो. आता समोर कापसाचा ढीग आहे असे समजा. मापकाला वाटते, प्रकाश फार झाला. तो छिद्र मिटावयास सांगतो, आणि पांढराशुभ्र कापूस चित्रात राखेसारखा येतो. शेजारी म्हैस बांधलेली आहे. मापकाला वाटते, प्रकाश फारच थोडा. तो छिद्र उघडावयास सांगतो, आणि काळीभोर म्हैस धुरकट दिसू लागते. म्हणून कापसाला एक-दोन पायऱ्या अधिक द्याव्यात आणि म्हशीला एक-दोन कमी. केळीचे पान मात्र मध्यम करड्याच्या जवळपास जाते. त्यावर मापन करून इतर चित्रे घेतली तर ती सहसा फसत नाहीत. यंत्र काय गृहीत धरते हे ज्याला ठाऊक, त्यालाच त्याची चूक दुरुस्त करता येते.

दुसरे कडे फोकसचे. खिडकीतील काचेच्या मध्यभागी एक लहान वर्तुळ असते व त्याचे दोन अर्ध असतात. फोकस चुकला असेल तर समोरचा खांब त्या वर्तुळात दुभंगलेला दिसतो. कडे फिरवीत गेले की दोन्ही तुकडे सरकत सरकत जवळ येतात आणि एका जागी बेमालूम जुळतात. त्या जुळण्याच्या क्षणी बोटांना जे समाधान मिळते ते शब्दांत सांगणे अवघड आहे. कुलपात किल्ली फिरून बसल्यावर मिळते, तशा जातीचे ते आहे. चांगल्या भिंगाचे कडे ना सैल ना घट्ट, लोण्यात सुरी फिरावी तसे फिरते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या भिंगातही हा गुण टिकून असतो; आजच्या पुष्कळ महागड्या भिंगांत तो सापडत नाही, कारण त्यांची कडी बोटांसाठी बनविलेलीच नसतात.

छिद्र व फोकस यांचे नातेही समजून घेतले पाहिजे. पन्नास मिलिमीटरचे भिंग १.८ वर उघडे ठेवून दोन मीटरवरील माणसाचे चित्र घेतले, तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम सतरा सेंटिमीटर खोल असतो. डोळे स्पष्ट आले तर मागची भिंत धूसर होऊन जाते. तेच छिद्र १६ वर मिटले तर सुमारे दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. हल्ली पार्श्वभूमी धूसर करण्याचे मोठे वेड आहे. माणूस कोठे उभा होता हेच चित्रातून कळेनासे झाले आहे. आजोबांचे चित्र घेताना त्यांच्या मागची खुंटीवरची टोपी, कोनाड्यातला कंदील, भिंतीवरचे कॅलेंडर हेही आले पाहिजे. पन्नास वर्षांनी नातवंडे आजोबांच्या नाकापेक्षा त्या कंदिलाकडेच अधिक कुतूहलाने पाहतील.

आता भिंगांविषयी. एकभिंगी कॅमेऱ्याचे भिंग काढता येते आणि दुसरे चढविता येते. बहुतेकांकडे तीन असत: २८, ५० आणि १३५ मिलिमीटर. यांचा उपयोग बऱ्हाणपूर परिसरातच पाहावा. शाही किल्ल्यातील हमामखान्यात रंगविलेली छते आहेत. खोल्या लहान, मागे सरकावयास जागा नाही. तेथे २८ चे भिंग हवे. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला लेख आहे. त्यासाठी पन्नासचे भिंग पुरते. आणि दुरून असीरगड घ्यावयाचा तर १३५ चे. समजा, गड आठ किलोमीटरवर आहे. पन्नासच्या भिंगाने त्याची २६० मीटरची उंची फिल्मवर केवळ १.६ मिलिमीटर भरते. डोळ्याला जो गड छाती दडपणारा वाटला तो चित्रात उंबरठ्याएवढा येतो, आणि घेणारा हिरमुसतो. १३५ ने तोच सुमारे ४.४ मिलिमीटर येतो. डोळा मनाच्या जोरावर वस्तू मोठी करून पाहतो. भिंग तसे करीत नाही.

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, म्हणजे सतराव्या शतकात खोदलेली भूमिगत पाणीपुरवठ्याची व्यवस्था, ही उघड्या छिद्राच्या भिंगाची खरी परीक्षा. खाली प्रकाश येतो तो कुंड्यांच्या तोंडांतून. छिद्र पूर्ण उघडे, शटर पंधरावर, कोपर भिंतीला टेकलेले आणि श्वास रोखलेला. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साची चित्रे मेणबत्त्यांच्या उजेडात घेणाऱ्यालाही हीच कसरत करावी लागते. शिवाय तेथे आरशाचा ‘खट्’ आवाज साऱ्या मंदिराला ऐकू जातो. अर्पणाच्या गंभीर क्षणी तो करू नये, एवढे तारतम्य फोटोवाल्याने ठेवलेच पाहिजे.

या पन्नासच्या भिंगांचे कूळ मोठे आहे. जर्मनीच्या झाइस कारखान्यातील पाउल रुडोल्फ यांनी १८९६ साली ‘प्लानार’ नावाची रचना केली. भिंगे दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी मांडलेली असल्याने प्रतिमेचे दोष परस्परांना छेद देत. पण एक अडचण होती. लेपाविना काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवितो. बारा पृष्ठभाग हवेला लागत असतील तर शंभरातला एकसष्ट भागच पलीकडे पोचतो, आणि परतलेला आतल्या आत भटकून चित्रावर धुके आणतो. म्हणून ही उत्तम रचना कित्येक वर्षे जवळजवळ पडून राहिली. १९३५ साली झाइसमधीलच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप चढविण्याची युक्ती काढली. भिंगाकडे तिरके पाहिले असता जी जांभळी अथवा पिवळसर झाक दिसते ती या लेपाची. पुढे साऱ्या जगातील वेगवान पन्नासची भिंगे याच घराण्यातून निघाली. रशियन ‘झेनिट’वरचे ५८ मिलिमीटरचे ‘हेलिओस’ हेही झाइसच्या ‘बायोटार’चेच अपत्य.

‘झेनिट’चा उल्लेख आला तो उगीच नव्हे. आपल्या देशात परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर अनेक दशके कडक निर्बंध होते. जपानी कॅमेरा म्हणजे कोणीतरी आणलेली वस्तू: आखातातून सुट्टीवर आलेल्या वसईच्या अथवा गोव्याच्या मुलाने, जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने, आफ्रिकेतल्या काकांनी. सर्वसामान्य घरात भारतात तयार होणारा ‘अगफा क्लिक-३’ असे; त्यात फिरविण्यासारखे फारसे काही नव्हते. ज्याला खरा छंद होता तो रशियन ‘झेनिट’ किंवा पूर्व जर्मन ‘प्राक्टिका’ मिळवी. झेनिट-ई जड व ओबडधोबड असे. परंतु त्याचा प्रकाशमापक सेलेनियमच्या पेशीवर चाले, त्याला बॅटरीच नको. फिल्मच्या बाबतीत स्वावलंबन यावे म्हणून सरकारने १९६० साली उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापिली. १९६७ पासून तेथे उत्पादन निघू लागले आणि ‘इंदु’ या नावाची कृष्णधवल फिल्म देशभरच्या स्टुडिओंत पोचली. ती कंपनी आता बंद पडली आहे. निंबोल्यापासून फार दूर नसलेल्या नेपानगरच्या गिरणीत १९५५ पासून वृत्तपत्राचा कागद निघू लागला, आणि उटीच्या फिल्मवरील किती चित्रे नेपाच्या कागदावर ठिपक्याठिपक्यांनी छापली गेली असतील, याची गणती कोणी केलेली नाही.

या भागाचे छायाचित्रणाशी नाते तसे फार जुने आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. आणि अजिंठ्याच्या डोंगरात मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल हा अधिकारी भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला रंगविण्यात वर्षानुवर्षे गढलेला होता. त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. मधल्या काळात त्याने कॅमेरा हाती घेतला होता. काचेच्या पट्टीवर ओले रसायन ओतून, ती ओली आहे तोवर चित्र घेऊन, तेथल्या तेथे धुऊन काढावयाची, असे ते काम होते. त्याच्या जोडचित्रांचे पुस्तक १८६४ साली प्रसिद्ध झाले आणि ती छायाचित्रे मात्र राहिली. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठा, भुसावळ, बऱ्हाणपूर ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत.

राहिलेले आणि गेलेले, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी एकेक जुना फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत रंगविलेला पडदा, समोर लाकडी खुर्ची, आणि फळीवर निगेटिव्हांची खोकी. त्या खोक्यांत गावच्या दोन-तीन पिढ्या होत्या: मुंजी, लग्ने, प्रथम ख्रिस्तप्रसाद, शाळेचे निरोप समारंभ, कामगारांची ओळखपत्रे. स्टुडिओ बंद होतो, मुले शहरात जातात, आणि ती खोकी रद्दीवाल्याकडे जातात. निगेटिव्ह म्हणजे मूळ चित्र. कागदावरची प्रत पिवळी पडली तरी निगेटिव्हवरून पुन्हा काढता येते, आणि आता तर साध्या स्कॅनरने तिचे रूपांतर संगणकातही करता येते. ज्यांच्या घरी असे एखादे खोके असेल त्यांनी ते ट्रंकेत, कोरड्या जागी, कागदी पाकिटांत ठेवावे. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत पावसाळ्यात ती एकमेकांना चिकटतात व मग सुटत नाहीत.

कॅमेऱ्याचेही तसेच. वडिलांच्या पश्चात त्यांचा कॅमेरा कातडी पेटीत घालून, नॅफ्थलिनच्या गोळ्या टाकून, कपाटाच्या तळाशी ठेवला जातो. हेतू चांगला असतो. परिणाम वाईट होतो. कातडे ओल धरते आणि भिंगाच्या आत बुरशी वाढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसू लागले की समजावे. प्रारंभी ती पुसून निघते. उशीर झाला तर ती लेप खाऊन टाकते आणि मग तो डाग जात नाही. कोकणात व वसईत हा शत्रू मोठा. निमाडात शत्रू निराळा: उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, कड्यांतले वंगण पातळ होऊन छिद्राच्या पातळ पात्यांवर उतरते, पाती चिकटतात आणि वेळेवर मिटत नाहीत. मागच्या झाकणाभोवतीचा मऊ फोम डांबरासारखा चिकट होतो आणि तेथून प्रकाश आत शिरतो. हे सारे दुरुस्त होते. पण ते करणारे हात कमी होत चालले आहेत. ज्या कारागिरांनी केवळ कानाने शटरचा वेग ओळखला, त्यांच्या मुलांनी मोबाइल दुरुस्तीची दुकाने काढली. त्यांना दोष कसा द्यावा?

जुना कॅमेरा हाती आला तर काय पाहावे, तेही सांगितले पाहिजे. भिंग काढून, पाठ उघडून, शटर एक सेकंदावर चालवून पाहावे. पडदा सरळ जातो की अडखळतो ते दिसते. भिंग टॉर्चच्या उजेडात तिरके धरावे. छिद्राची पाती कोरडी असावीत. काही जपानी भिंगांची काच चहासारखी पिवळसर झालेली असते. त्या काचेत थोरियम हे द्रव्य असे व त्याच्या किरणोत्सर्गामुळे ती रंगते. काही दिवस उन्हाला लावून ठेवली तर ती पुष्कळशी निवळते. पूर्वीच्या कित्येक कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. पारा विषारी म्हणून ती बंद झाली, आणि आजची बॅटरी घातली तर त्यांतील काहींचे मापक चुकते सांगतात. के-१००० ला प्रकाशमापक बंद करण्याचे बटनच नाही. भिंगावर टोपी घातली की तो झोपतो. टोपी विसरली की बॅटरी उतरते. भिंगे गोळा करणारा एक वर्गही अलीकडे वाढला आहे. त्यांच्या कपाटात वीस भिंगे असतात आणि वर्षाकाठी एक रीळ संपत नाही. आरशाविना चालणाऱ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर कडे लावून ही जुनी भिंगे चढविता येतात, त्यामुळे त्यांना नवे आयुष्य मिळाले, हे मात्र खरे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. फिल्म महाग झाली आहे. धुलाई व स्कॅनिंग निराळे. म्हणून कृष्णधवल रीळ घरीच धुवावे. मूठभर साहित्य लागते: प्रकाशबंद डबी, डेव्हलपर, हायपो, थर्मामीटर आणि अंधारी खोली. ‘डी-७६’ हा १९२७ सालापासूनचा डेव्हलपर अजून वापरात आहे. त्याचे कोष्टक वीस अंश सेल्सिअसचे असते, आणि निंबोल्यात मे महिन्यात नळाचे पाणीच तीसच्या वर असते. अशा वेळी माठातले पाणी घ्यावे, बाहेर बर्फाची परात ठेवावी, आणि पहाटे काम करावे. सर्व द्रावणे व धुण्याचे पाणी जवळपास एकाच तापमानाचे असावे. नाही तर फिल्मवरील जिलेटिनला सुरकुत्या पडतात. डबी उघडून ओली फिल्म प्रथमच उजेडात धरली जाते, तो क्षण या छंदातला सर्वांत मोठा. काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे, आणि त्या उलट्या जगात ओळखीचा चेहरा.

छत्तीस चित्रांच्या मर्यादेने माणसाच्या वागण्यातही फरक पडतो. डिसेंबर १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी एका अफगाण मुलीचे चित्र घेतले. कॅमेरा निकॉन एफएम-२, भिंग १०५ मिलिमीटर, हाताने फोकस करण्याचे. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आले आणि जगभर गेले. परंतु त्या मुलीचे नाव जगाला कळावयास २००२ साल उजाडले. चित्र थोर आहे; ही उणीवही तेवढीच मोठी आहे. केळीच्या बागेत घड उतरविणारी बाई असो की गिरणीवरचा कामगार, त्याचे नाव विचारावे, चित्र घेऊ का म्हणून विचारावे, आणि प्रत पोचती करावी. जड कॅमेरा लपविता येत नाही आणि फोकस करावयास वेळ लागतो. त्या वेळात चार शब्द बोलणे होते. ‘कोणाचे कोण? कोठून आलात?’ असे समोरूनच प्रश्न येतात. नकार आला तर तोही मानावा.

आता रस्त्याच्या कडेच्या त्या गृहस्थाकडे परत येऊ. गडावरचे ढग विरले आहेत. त्याचे छत्तिसावे चित्र झाले आहे, आणि फिल्म पुढे सरकविण्याची तरफ अडली आहे. अशा वेळी जोर करू नये. फिल्मची भोके फाटतात. तळाचे लहान बटन दाबावे, डावीकडील हँडल उघडून बाणाच्या दिशेने सावकाश फिरवावे. प्रथम हाताला ताण जाणवतो. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर तो एकाएकी सुटतो आणि हँडल हलके होते. आणखी दोन फेरे द्यावेत, झाडाच्या सावलीत जावे, आणि मगच पाठ उघडावी.